बारा नंबरची छाती

सोमवार, ३ तारीख

छान म्हणे! माझ्या नवऱ्याच्या काळजात बिघाड, आणि ह्यांना तो छान! "काय छान मर्मर आहे!" एकानं नळी लावली, त्यानं दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. सगळे पांढऱ्या कोटातले, दाढी धड फुटलेली नाही. "ऐक, ऐक, एकदम क्लासिकल!" गाणं लागलंय का तिथे?

मी विचारलं, मर्मर म्हणजे काय रे बाबांनो? तर म्हणे, हृदयातला जास्तीचा आवाज. मग आवाज म्हणा की! सरळ बोलायला काय तोंडात दात नाहीत?

आणि आमचे हे! शर्ट काढून खाटेवर ताठ बसलेले. पुढे वाका म्हटलं की वाकतात. श्वास सोडा म्हटलं की सोडतात. चौघांनी ऐकून झालं तर पाचव्याला स्वतःच म्हणतात, "ये, तू पण ऐक." मला बघितलं आणि नजर खाली.

वॉर्डात जरा आवाज चढला की सिस्टर "हळू, बाई, हळू". घरी बोलायला भिंती. म्हणून बाहेर बाकावर बसून हे लिहितेय. मुलीच्या शाळेच्या वहीची मागची पानं कोरी होती. मी चौथीत शाळा सोडली, अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. बरंच आहे, कुणाला वाचता येणार नाही.

मंगळवार, ४

रागात काल मूळ गोष्ट लिहायचीच राहिली.

आमचं इस्त्रीचं दुकान. दुकान कसलं, दोन टेबलं आणि वर पत्रा. मी शर्ट करते, हे पँटी आणि चादरी. दोन-तीन महिन्यांपूर्वी ह्यांना चादरीची घडी घालताना धाप लागायला लागली. मी म्हटलं, वय झालं. मग जिना चढताना. मग आडवं पडलं तरी. तेव्हा मी हाताला धरून इथे आणलं.

मोठ्या डॉक्टरांनी नीट समजावलं होतं, खोटं कशाला बोलू. हृदयातली एक झडप पुरती मिटत नाही. पुढे गेलेलं रक्त मागे गळतं. झडप बदलायची. मी म्हटलं, थांबलं तर? म्हणाले, "फार थांबायचं नाही. गळतीमुळे हृदय ताणत चाललंय. एकदा पार सैल पडलं की झडप बदलूनही उपयोग नाही."

हे मला लगेच कळलं. चड्डीचं इलॅस्टिक. एकदा गेलं की गेलं, मग वरून कितीही शिवा.

"येत्या आठवड्यात करून टाकू," म्हणाले होते. तो आठवडा केव्हाच आला आणि गेला. विचारलं की "बघू". कुणी म्हणतं टेबल रिकामं नाही, म्हणजे ऑपरेशनचं. कुणी म्हणतं सरांना विचारा. सर म्हणतात सांगतो. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. की आहे, आणि मलाच दाखवत नाहीत?

गुरुवार, ६

आज एकजण हात मागे बांधून, मोठ्या डॉक्टरांपुढे उभा राहून, पाढे म्हटल्यासारखं म्हणत होता. "पॅलर नाही, इक्टेरस नाही, सायनोसिस नाही, क्लबिंग नाही, इडिमा नाही."

माझ्यानं राहवेना. "नाही, नाही, नाही! मग आहे तरी काय माझ्या माणसाला?"

सगळे फिदीफिदी हसले. एक चष्मेवाली पोरगी आहे, शिकाऊ नाही, डॉक्टरच, पण मोठ्या डॉक्टरांच्या हाताखालची, ती नाही हसली. बाजूला घेऊन म्हणाली, "मावशी, तपासताना आधी काय काय नाही ते सांगतात. पॅलर म्हणजे फिकेपणा. इक्टेरस, कावीळ. सायनोसिस, निळेपणा. क्लबिंग म्हणजे बोटांची टोकं फुगलेली. इडिमा म्हणजे सूज."

मी म्हटलं, "म्हणजे कापड फिकं पडलेलं नाही, पिवळं पडलेलं नाही, नीळ जास्त झालेली नाही."

"तसंच."

"मग असं म्हणायला काय झालं?"

हसली. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, नळी स्वतःच्या कानातली काढून माझ्या कानात घातली आणि दुसरं टोक ह्यांच्या छातीवर टेकवलं. ठक — फुस्स. ठक — फुस्स. ओल्या कपड्यावर इस्त्री टेकवली की येतो ना, तसा. माझ्या अंगावर काटा आला. ह्यात छान काय आहे?

पोरगी बरी वाटते. पण बरं वाटणाऱ्या माणसाकडेच जास्त लक्ष ठेवावं. तिच्या कोटाची पाठ सगळी चुरगळलेली.

हे असले शब्द मुद्दाम ठेवले असणार. आपल्यासमोर आपलंच बोलायचं आणि आपल्याला कळू द्यायचं नाही.

रविवार, ९

ह्यांच्या उशाशी बिस्किटांचे पुडे. नवा कंगवा. एक रंगीत चित्रांचं मासिक. म्हटलं, कुणी दिलं? "पोरांनी." कोणत्या पोरांनी? "शिकायला येतात ती." का दिलं? "असंच."

असंच कुणी कुणाला काडी देत नाही.

शेजारच्या खिडकीजवळच्या खाटेवर एक आहेत, पित्ताचे खडे झालेले. मी त्यांना खिडकीवालेच म्हणते. ते म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे जत्रा असते. आमच्या पोटाकडे कुणी ढुंकून बघत नाही. खड्यांना बिचाऱ्यांना आवाजच नाही."

हे हसले. चक्क मोठ्यानं! मग मला म्हणाले, "इकडे ये, गंमत दाखवतो." नखाचं टोक हलकं दाबून धरलं. नखाखाली लाली पुढे येते, मागे जाते. प्रत्येक ठोक्याला. "ह्याला एका डॉक्टरचं नाव आहे," म्हणाले, जसं काही ते डॉक्टर ह्यांचे मामा. "आणि आता माझं मनगट धर. धर गं. हात वर उचल." उचलला. नाडी अशी आपटली हाताला! "पाण्याचा हातोडा म्हणतात ह्याला," म्हणाले.

इतकी वर्षं संसार केला. ह्यांची नाडी मी कधी धरली नव्हती. ताप आला की कपाळाला हात, तेवढंच. जरा वेळ तशीच धरून बसले. सिस्टर आल्या तशी सोडली.

घरात दिवसाकाठी चार शब्द बोलणारा हा माणूस. इथे तोंड मिटत नाही. काय पाजलंय ह्यांना?

सोमवार, १०

आजही ऑपरेशनची तारीख नाही.

मंगळवार, ११

आज डोकं फिरायची वेळ आली.

एक शिकाऊ दुसरीला म्हणाला, "मान बघ. प्रत्येक ठोक्याला हलते. हेही त्या गळतीचंच लक्षण." मी बघितलं. हलते! थोडीशीच, पण हलते. हो, हो, हो, हो, अशी.

आणि हे मी आज नाही बघत. गेली पाच-सहा वर्षं बघतेय. मी बोलायचे, हे मान हलवायचे. मुलीला त्या स्थळी द्यायचं, मान हलली. दुकान बाजारातून उचलून कोपऱ्यावर न्यायचं, मान हलली. मला वाटायचं, पटतंय!

ती दोघं गेल्यावर विचारलं, "अहो, दुकान हलवू म्हटलं तेव्हा तुम्ही हो म्हणाला होतात ना?"

"नाही बा."

"मान हलवलीत की!"

"हलली असेल."

"मग नको असेल तर तोंड होतं ना? बोलायचं!"

"तू विचारलं कुठे होतंस? तू सांगितलं होतंस."

घ्या! एवढे दिवस पोटात ठेवलं ते दवाखान्यात काढलं. मी तिथून उठलेच. डबा तसाच ठेवला. खाल्ला असेल, नाहीतर दिला असेल खिडकीवाल्यांना.

बुधवार, १२

पकडलं! मला वाटतच होतं!

जिन्याखालच्या नळावर पाणी भरत होते. वर चष्मेवाली आणि तिच्याबरोबरचा एक डॉक्टर. मी खाली आहे हे त्यांना दिसत नव्हतं. तो म्हणाला, "बारा नंबर परीक्षेपर्यंत राहतोय ना?" ही म्हणाली, "राहतोय. सरांशी बोलणं झालंय." तो म्हणाला, "सुटलो बाबा. गेल्या वेळी एक धड छाती नव्हती दाखवायला."

बारा नंबर म्हणजे ह्यांची खाट.

बाटली ओसंडून चालली तरी मी तशीच उभी. मग सगळं आपोआप जुळलं. झडप बदलली की गळती थांबणार. गळती थांबली की आवाज जाणार. नाडी गप्प, नखं गप्प, मान गप्प. मग परीक्षेला बारा नंबर काय कामाचा? म्हणून टेबल रिकामं नाही! म्हणून बिस्किटं!

वर येऊन खिडकीवाल्यांना हळूच विचारलं. ते इथे वारंवार येतात, त्यांना सगळं माहीत. म्हणाले, "त्यात नवल काय, वहिनी? दर वर्षी परीक्षा असते. चांगल्या आवाजाचे, चांगल्या सुजेचे पेशंट ठेवून घेतात. अर्थात विचारून हं."

"कुणाला विचारून?"

"ज्याची छाती त्याला."

मी म्हटलं, "आमच्या ह्यांना विचारून काय उपयोग? ते कशालाही मान हलवतात!"

शुक्रवार, १४

मोठ्या डॉक्टरांना व्हरांड्यात गाठलं. मागे दहा-बारा जणांची शेपूट. असू दे म्हटलं, सगळ्यांनी ऐकावं.

"साहेब, माझ्या माणसाचं काळीज काय दुकानात मांडायला ठेवलंय? तुमची पोरं पास होणार आणि माझा माणूस सैल पडणार?"

ते थांबले. रागावले नाहीत. त्याचाच मला जास्त संशय. "बाई, आम्ही कुणालाही अडवून ठेवलेलं नाही."

"मग तारीख द्या."

त्यांनी चष्मेवालीकडे बघितलं. चष्मेवालीनं जमिनीकडे. "पेशंटशी आमचं बोलणं चालू आहे," म्हणाले आणि निघाले. बाह्यांची घडी अशी, की बोट कापेल. ज्याची इस्त्री एवढी कडक त्याच्या पोटातलं बाहेर येत नाही.

पण त्यांनी असं बघितलं का तिच्याकडे? आणि तिनं खाली का?

ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांना राग यावा की नाही? म्हणे, "कशाला तमाशा करतेस? चांगली माणसं आहेत. पोरांना शिकायला मिळतं."

"आणि तुम्हाला काय मिळतं? उद्या तुम्ही गेलात तर ती पोरं येणारेत का माझ्याबरोबर चादरींच्या घड्या घालायला?"

ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. बोलायला नको होतं. पण बोलले. खोटं होतं का?

शनिवार, १५

मुलीचा फोन. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू सगळ्यांशी भांडलीस. बाबा काय म्हणतात?"

"बाबा काय म्हणणार! बाबांना काय कळतं त्यातलं?"

 मग म्हणाली, "तेच ते तुझं." आणि नातवाला फोन दिला. सासरी गेल्यापासून हिला फार तोंड फुटलंय.

सोमवार, १७

ह्यांचे मोजे काढले तर घोट्यावर मोज्याच्या काठाचा वळ. खोल. थोड्या वेळानं बघितलं, तसाच. अंगठ्यानं दाबलं तर खळगा पडला आणि तो भरेच ना. ओल्या कणकेत बोट रुतावं तसा.

चष्मेवालीला हाका मारून आणलं. तिनं दाबलं. दुसऱ्या पायाला दाबलं. पाठीवर नळी लावून खाली-खाली ऐकत गेली. चेहरा उतरला. गोळी वाढवली, मीठ बंद.

दुपारी शिकाऊ पोरांची टोळी आली. पुन्हा तेच पाढे. "पॅलर नाही, इक्टेरस नाही, सायनोसिस नाही, क्लबिंग नाही." मग थांबला तो. "इडिमा आहे."

आहे.

 इतके दिवस त्या नाही-नाहीची मला चीड होती. आज कळलं, प्रत्येक नाही म्हणजे केवढं मोठं दान होतं. त्यातलं एक उठून 'आहे'च्या बाजूला जाऊन बसलं.

टोळी गेल्यावर चष्मेवाली ह्यांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलत होती. चांगलं हात जोडल्यासारखं. मी जवळ गेले तशी दोघं गप्प.

"काय चाललंय?"

"काही नाही, मावशी."

हे म्हणाले, "अगं, काही नाही."

दोघांचं एकच उत्तर. म्हणजे नक्कीच काहीतरी. ही पोरगी गोड बोलून ह्यांना थांबवून घेतेय. गुरुवारची परीक्षा निघावी म्हणून!

मंगळवार, १८

चादर बदलताना सिस्टर म्हणाल्या, "बाई, सगळ्या दवाखान्याला जाब विचारून झाला तुमचा. तुमच्या माणसाला विचारलंत का?"

"त्यांना कोण काय सांगतंय!"

 मग "बरं" म्हणाल्या आणि उशी आपटून गेल्या. ह्याही त्यातल्याच.

गुरुवार, २०

परीक्षा. ठरवून गेले होते, आज सगळ्यांसमोर काढायचं. बाहेरचे परीक्षक येणार, त्यांनाच सांगायचं, बघा तुमच्या परीक्षेसाठी जिवंत माणूस कसा गळत ठेवलाय.

ह्यांनी कालच सांगून ठेवलं होतं, निळा शर्ट आण, बाह्यांची घडी नीट टाक. काढूनच तर ठेवायचा होता! तरी टाकली. दाढी केलेली, केस ओले करून चापलेले. त्या नव्या कंगव्यानं.

मला दाराशी उभं राहू दिलं. परीक्षक पांढऱ्या केसांचे, ठेंगणे. एकेक पोर येई. एकीच्या हातातून नळीच पडली. हे म्हणाले, "सावकाश, बाळ." सगळे डोळे मिटून ह्यांच्या छातीवर वाकत. एक मुलगा सगळं बोलला आणि गडबडीत नखं बघायची विसरला. तर ह्यांनी काय करावं? हात हळूच उचलून चादरीवर त्याच्यासमोर ठेवला. पसरून. आणि भुवया उडवल्या. परीक्षकांना दिसलं. ते खोकले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

ह्यांचा चेहरा मी बघत होते. मुलगी झाली त्या दिवशी असा होता. नंतर कधी बघितल्याचं आठवत नाही.

ओरडायला तोंड उघडलं होतं. आवाज निघाला नाही. माझा! माझा आवाज निघाला नाही!

पण शेवटी शेवटी पुढे वाकताना हे दोन्ही हातांनी गादी धरत होते. ओठांचा रंग गेलेला. सगळे गेल्यावर मी पाठ पुसून दिली. बरगड्या हाताला लागल्या. म्हटलं, दमलात ना?

म्हणाले, "सगळे पास होतील बघ."

ठीक आहे. झाली ना परीक्षा? आता त्यांच्याकडे कारण उरलं नाही. उद्या बघते एकेकाला.

शुक्रवार, २१

चष्मेवालीला जिन्यातच अडवलं. "पोरं पास झाली. आता कोणता बहाणा?" डोळे भरले तिचे. म्हणाली, "मावशी, उद्या बोलते. आज मला एकाला विचारू दे." कुणाला, तर सांगेना. रडून मला बनवता येत नाही म्हणावं. उद्या दाराशीच बसते.

शनिवार, २२

बोलली. बाकावर माझ्या शेजारी बसून. म्हणाली, "काकांना शब्द दिला होता म्हणून गप्प होते. आता पायाला सूज आली, आता गप्प राहणं पाप आहे. काल त्यांना तसं सांगून आले." टेबल दोनदा मिळालं होतं. दोन्ही वेळा ह्यांनीच नको म्हटलं. परीक्षेपर्यंत राहतो, हेही ह्यांनीच पुढे केलं. डॉक्टरांच्याही पथ्यावर पडलं, ते तिनं लपवलं नाही. आणि ह्यांनी सगळ्यांना बजावलं होतं, "माझ्या बायकोला सांगू नका. ती माझ्या वतीनं हो म्हणून टाकेल."

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

वॉर्डात गेले. ओरडले नाही. डबा ठेवला, ह्यांच्या पायाशी बसले. म्हटलं, अहो, भीती वाटते का? ह्यांनी पायावरची चादर ओढून तिची घडी घालायला घेतली. म्हटलं, राहू दे, आज नको. आजपासून मी ह्यावर एक शब्द बोलणार नाही. डॉक्टरांशी नाही, मुलीशी नाही, तुमच्याशी नाही. पण मंगळवारी सकाळी मोठे डॉक्टर फेरीला येतात. त्याच्या आधी मला तुमच्या तोंडून ऐकायचंय, ऑपरेशन करायचं की घरी यायचं. मी सांगत नाही. विचारतेय. मंगळवारपर्यंत उत्तर द्या.